उशिरा येणाऱ्यांचा पहिला दिवस

ढमाले सर,

तुमच्या दशक्रियेला भाषणं फार झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, आणि तुम्ही ज्यांना आयुष्यात एकदाही चहा पाजला नसेल असे दोन माजी सदस्यही बोलले. एकाने तुम्हाला शिक्षणमहर्षी करून टाकलं. दुसऱ्याने सांगितलं की तुम्ही मुळशीच्या मातीतून हजारो इंजिनिअर घडवले. मी मांडवात मागच्या खुर्चीवर बसले होते आणि वाट बघत होते, की आता तुम्ही उठाल आणि म्हणाल, "हजारो कुठले आणलेस रं? आनी घडवले काय, मडकी हायेत का ती?" तुम्ही उठला नाहीत. तेव्हा मला नीट कळलं की तुम्ही गेलात.

मला कोणी बोलायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी जमलं नसतं, कारण तुमच्याशी भांडल्याशिवाय मला तुमच्याविषयी बोलता येत नाही, आणि दशक्रियेच्या माइकवर भांडता येत नाही. म्हणून हे कागदावर. तुमचं शिक्षण, तुमची पदं, तुम्हाला मिळालेल्या शाली, हे सगळं त्या मंडळींनी सांगून टाकलंय, ते मी पुन्हा सांगत बसणार नाही. मला तुम्हाला एकच कळवायचंय. यंदा उशिरा आलेल्या मुलांच्या पहिल्या दिवसाचं काय झालं, ते. जाताना तुमच्या मनात तेच असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

पण त्याआधी थोडा हिशोब चुकता करू, कारण तुम्ही मध्येच उठून गेलात आणि आपली बरीच भांडणं अर्धवट राहिलीत.

सुरुवातच भांडणाने झाली होती. लवळ्याच्या टेकडीवरचं आपलं कॉलेज तेव्हा नवीन होतं. भिंतींना रंगाचा वास यायचा आणि कँटीनमध्ये फक्त वडापाव मिळायचा. प्रिन्सिपलांनी आपल्या दोघांना बोलावलं. म्हणाले, पहिल्या वर्षाचे तास सुरू व्हायच्या आधी दोन आठवडे मुलांना इंजिनिअरिंग म्हणजे काय याची ओळख करून द्या. कागदोपत्री त्याला ब्रिज कोर्स म्हणायचं, आपण त्याला ओळखवर्ग म्हणायला लागलो. मी गणिताची, तुम्ही मेकॅनिकलचे. मी लगेच म्हटलं, दोन आठवडे त्यांना त्रिकोणमिती, डेरिव्हेटिव्ह आणि मॅट्रिक्स पक्कं करून देते. तुम्ही माझ्याकडे न बघता प्रिन्सिपलांना म्हणालात, "दोन आठवडे नुसतं गणित घातलं, तर तिसऱ्या आठवड्यात पोरं बी.कॉम.ला जातील."

"आणि नाही घातलं," मी म्हटलं, "तर गणिताचा पहिलाच पेपर, एम-वन, राहून पुढच्या वर्षी जातील. जाणार आहेतच, मग शिकून तरी जाऊ देत."

प्रिन्सिपलांनी आपल्याला बाहेर काढण्यासाठी निकाल दिला: सकाळी ढमाले सरांची कार्यशाळा, दुपारी मराठे मॅडमचं गणित. जेवण झाल्यावर, पंख्याखाली, पोट भरलेल्या मुलांना मॅट्रिक्स. तुम्ही तेव्हा मिशीत हसलात. ते हसू मी अजून माफ केलेलं नाही. नंतर दरवर्षी मी वेळापत्रक उलटं करायला सांगायचे आणि दरवर्षी तुम्ही म्हणायचात, "पुढच्या साली बघू की."

तुमचा पहिला दिवस मात्र पाहण्यासारखा असायचा, हे मी इतरांकडे नेहमी कबूल केलंय. तुमच्याकडे नाही, कारण तुम्ही लगेच चढून बसला असता. प्रवेश पक्का झाला की मुलांना मेसेज जायचा: पहिल्या दिवशी येताना घरातली एक बिघडलेली वस्तू घेऊन या. मग काय काय यायचं! बंद पडलेल्या इस्त्र्या, टेबलफॅन, वाजणं सोडलेले रेडिओ, एकदा भाताच्या कोठाराचं गंजलेलं कुलूप, एकदा फवारणीचा पंप. हॉस्टेलवाली मुलं एसटीतून हे सगळं मांडीवर घेऊन यायची आणि लवळे फाट्यावरचे रिक्षावाले विचारायचे, कॉलेजात चाललास का भंगारात? कार्यशाळेत वर्तमानपत्र पसरायचं, वस्तू उघडायची, एकेक भाग ज्या क्रमाने निघेल त्या क्रमाने मांडायचा आणि सांगायचं, ही वस्तू काय काम करत होती आणि कुठे येऊन थांबली. दुरुस्त करायला सक्त मनाई. एखाद्या हुशार मुलाने तार जोडून पंखा फिरवून दाखवला, तर तुम्ही त्याच्यावर डाफरायचात. "तुला फिरव म्हनलं हुतं का? कुटं अडलं ते सांग म्हनलं हुतं."

मला वाटायचं, नव्वद टक्के मिळवून आलेल्या मुलांना हा काय पोरखेळ. पण मी खिडकीतून बघत उभी राहायचे. चार पर्यायांतून एक निवडायची सवय झालेली ती मुलं. स्क्रू डावीकडे फिरवायचा की उजवीकडे, इथपासून त्यांची तयारी. पहिला स्क्रू सैल झाला की त्यांचा चेहरा पालटायचा. ते मी दरवर्षी पाहिलंय.

नेऱ्याचा मिक्सर आठवतोय ना? नाही कसा आठवणार, जन्मभर पुरला तो तुम्हाला. नेरे गावची ती मुलगी, घरची शेती, निम्मी विकून उरलेल्या जागेवर आयटीवाल्यांसाठी खोल्या बांधलेल्या. तिने पिशवीतून मिक्सर काढला. बुजरी होती, हात लावेना, म्हणून तुम्ही म्हणालात, चला, हा मी सगळ्यांसमोर उघडतो. उघडलात. कार्बन ब्रश पाहिले, चांगले. स्विच पाहिला, चांगला. कॉइल, कपलर, वायर, सगळं ठणठणीत. तुम्हाला घाम फुटला. तुम्ही मुलांना सांगायला लागलात की दोष जितका खोल असतो तितका तो सापडायला वेळ लागतो, आणि त्यावर छोटंसं व्याख्यानच दिलंत. जेवणाची सुट्टी व्हायला आली तेव्हा ती मुलगी कसंबसं म्हणाली, "सर, त्यो चालू हाय."

"चालू हाय म्हंजी?"

"आईनं दिला. म्हनली, कालेजात मोडकंतोडकं न्हेऊन आमची इज्जत घालवू नगं."

मुलं हसून हसून बाकांवर आडवी झाली. सगळ्यांत जास्त तुम्हीच हसलात. खरी गंमत पुढे झाली. तुम्ही तो मिक्सर जोडला आणि तो सुरूच होईना. वर्तमानपत्रावर एक वॉशर उरला होता आणि तो कुठला, ते मेकॅनिकलच्या पदवीधर माणसाला आठवेना. दोन दिवसांनी तो कसाबसा चालू करून परत द्यायला तुम्ही नेऱ्याला निघालात आणि साक्षीदार हवा म्हणून मलाही गाडीत घातलंत. त्या माउलीने मिक्सर हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "आमी चांगला दिला हुता, सर. तुमच्याकडं बिघडवायचं शिकिवत्यात व्हय?" तुम्ही हात जोडलेत. "व्हय ताई. पयल्या दिवशी तेवढंच." मग तिने आपल्यासमोर शेंगदाण्याची चटणी फिरवून खात्री करून घेतली आणि भाकरीबरोबर तीच आपल्याला वाढली. परतताना चांदणी चौकापर्यंत तुम्ही गाडीत एकटेच हसत होता.

आपलं खरं भांडण मात्र पहिल्या दिवसावर नव्हतं, तो पुन्हा पुन्हा होण्यावर होतं.

प्रवेश फेऱ्याफेऱ्यांनी होतात. पहिल्या फेरीची मुलं वेळेवर येतात. मग दुसरी फेरी, तिसरी, मग कुणी जागा सोडली म्हणून मिळालेली, मग कुणाचा दाखला अडकलेला. काही मुलं गणपती उठल्यावर उगवतात. तोवर ओळखवर्ग संपलेला असतो, नेहमीचे तास सुरू झालेले असतात. दुसरा कोणीही असता, तर म्हणाला असता, बाबांनो, मित्रांच्या वह्या घ्या. तुम्ही प्रत्येक फेरीच्या मुलांना पहिला दिवस पहिल्यापासून द्यायचात. तास बुडवून. माझे तास बुडवून! मी चिडायचे आणि अजूनही म्हणते की माझं चिडणं रास्त होतं. जी मुलं आधीच मागे पडलीत त्यांचा आणखी एक दिवस खायचा? त्या दिवसात मी त्यांना निम्मी मॅट्रिक्स भरून दिली असती.

एकदा तर एकाच मुलासाठी. नंदुरबारकडचा तो, सकाळी बसमधून उतरून ट्रंकेसकट थेट कॉलेजात आला होता. त्याच्याकडे बिघडलेलं काही नव्हतं. मेसेज त्याला मिळालाच नव्हता. तुम्ही स्टाफरूममध्ये आलात, इकडेतिकडे पाहिलंत आणि खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ उतरवलंत. चालू घड्याळ. मी ओरडले, "अहो, ते चालतंय!" तुम्ही म्हणालात, "आता न्हाई चालनार." आणि ते आजतागायत सव्वादहा दाखवतंय. त्या मुलाने दिवसभर बसून तुमच्यासमोर त्याची सगळी चाकं मांडली. संध्याकाळी त्याची ट्रंक एका बाजूने तुम्ही धरलीत आणि त्याला हॉस्टेलपर्यंत पोचवून आलात. मी त्या दिवशी तुमच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कँटीनमध्ये माझ्यासमोर पोहे ठेवलेत आणि तुमची गोष्ट सांगितलीत. एकदाच सांगितलीत. तुम्ही स्वतः इंजिनिअरिंगला गेलात तेव्हा घरची लावणी उरकायची होती म्हणून उशिरा पोचलात. वर्गात शिरलात तर फळ्यावर एफ कंसात एक्स लिहिलेलं. सगळे खाली मान घालून उतरवून घेत होते. तुम्हाला वाटलं, हा एफ कोण, हे पहिल्या दिवशी सांगितलं असणार. विचारायची लाज वाटली. "मॅडम, वरीसभर मला वाटायचं, ह्या सगळ्यांना कायतरी म्हाईत हाय आन् ते माज्या येण्याआधी वाटून झालंय." असं म्हणून तुम्ही हसलात आणि माझे पोहेही ओढून घेतलेत. मी दुसरी प्लेट मागवली. ऐकायला मी होते, तेवढं पुरे होतं.

भांडण मात्र मी थांबवलं नाही. यंदाही नाही. पहिल्या फेरीच्या मुलांना तुम्ही नेहमीसारखा पहिला दिवस दिलात. त्यानंतरच्या शनिवारी मी वेळापत्रकाचा कागद तुमच्या टेबलावर आपटला. ओळखवर्गाच्या शेवटी एक छोटी गणिताची परीक्षा हवी, नाहीतर मुलं ते मनावर घेत नाहीत, हे माझं जुनं टुमणं. तुम्ही म्हणालात, परीक्षा आली की पोरं पुन्हा चार पर्याय शोधायला लागतात. मी म्हटलं, मग त्यांना एम-वनला कोण वाचवणार, तुमचा मिक्सर? तुम्ही खिडकी लावायला उठलात. टेकडीवर धुकं उतरलं होतं, समोरचं हॉस्टेल दिसत नव्हतं. मग पिशवी उचललीत. "सोमवारी बोलू, मॅडम. ह्याच्यावर माज्याकडं हाय उत्तर."

रविवारी खाचराचा बांध फुटला म्हणून तुम्ही शेतावर गेलात, बांध घातलात, घरी येऊन ओट्यावर टेकलात. नंतर तुमच्या मुलाचा फोन आला.

ते उत्तर काय होतं हो? मला रोज आठवतं. एवढ्या वर्षांत तुमच्याकडे कधी उत्तर नसायचं, नुसतं हसणं असायचं, आणि या वेळी होतं. मी डोकं खाजवून पाहिलं, तुमच्या बाजूने विचार करून पाहिला. मला काही सापडलं नाही.

दशक्रिया झाल्यावर वहिनींना भेटायला थांबले होते. लोक पांगले होते. वहिनी मला आत घेऊन गेल्या, चुलीजवळ बसवलं आणि चहा टाकला. मला वाटलं, आता त्या रडतील आणि मग मीही. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमी लई भांडायच्या म्हनं ह्यांच्याशी."

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"घरी आले की तुमचंच पुरान. आज मॅडम अशा म्हनल्या, आज मॅडमनी कागूद आपाटला. मी म्हनायची, एवडा तरास हुतोय तर बोलू नका बाईशी. तर म्हनायचे, आगं, बाकी समदी मला व्हय व्हय म्हनत्यात. ही एकटीच हाय, जी ऐकून घेती आन् मंग न्हाई म्हनती." त्यांनी कप पुढे केला. "मागनं येनारी पोरं आली का?"

मी म्हटलं, अजून नाही, पुढच्या आठवड्यात.

"ह्यांचा जीव त्यांच्यात," वहिनी म्हणाल्या. एवढंच. त्यांचा वर्ग तुम्ही घ्या, असं त्या काही म्हणाल्या नाहीत. उठताना नव्या तांदळाचं बोलल्या, यंदाही तुमच्याकडचा आंबेमोहोर पाठवते म्हणाल्या. धरणाच्या कडेकडेने परत येताना मी गाडीत रडले, पण ते दुःखाचं रडणं नव्हतं. इतकी वर्षं कुणीतरी आपलं भांडण घरी घेऊन जात होतं, हे कळल्यावर माणसाला बरं वाटतं. मला फार बरं वाटलं, सर.

मग मीटिंग झाली. आपले नवे विभागप्रमुख, तरुण आहेत, चांगले आहेत, त्यांनी मांडलं की ढमाले सरांच्या पश्चात उशिरा येणाऱ्यांसाठी पुन्हा कार्यशाळा घेणं शक्य नाही. पहिल्या फेरीच्या वेळी काढलेलं थोडं चित्रीकरण आहे, त्याची लिंक पाठवू. मुलं आपापल्या वेळेने बघतील. सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, नाही.

ते गोंधळले. "मॅडम, पण तुम्हीच दरवर्षी म्हणायचात की हा वेळेचा अपव्यय आहे."

"म्हणायचे," मी म्हटलं. "ढमाले सरांना म्हणायचे. तुम्हाला नाही."

कुणीतरी हसलं. विभागप्रमुखांनी विचारलं, मग घेणार कोण? कार्यशाळेचे दुसरे सर रजेवर होते आणि बाकीच्यांचे तास भरलेले. मी म्हटलं, मी घेते. म्हणून झाल्यावर मला कळलं मी काय बोलून बसले ते. आयुष्यात मी टूथपेस्टच्या झाकणाव्यतिरिक्त काही उघडलेलं नाही, हे तुम्ही सगळ्यांना सांगत फिरायचात. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं. विभागप्रमुख म्हणाले, ठीक आहे, या वेळी घेऊन बघा. नाही जमलं तर पुढच्या फेरीपासून लिंक. म्हणजे सगळा मामला त्या एका दिवसावर येऊन ठेपला.

सोमवारी मुलं आली. मूठभरच. आणि रिकाम्या हाताने, कारण मेसेज पाठवायचं काम तुमचं होतं आणि तुम्ही नव्हता. मी घरून एक जुनी इस्त्री आणली होती. वर्तमानपत्र पसरलं, मुलांना गोल उभं केलं आणि स्क्रू-ड्रायव्हर लावला. स्क्रू हलेना. जोर लावला. तो घसरला आणि स्क्रूचं डोकं पार गुळगुळीत झालं. दुसऱ्या स्क्रूचंही तेच. मुलं आदराने बघत होती. त्यांना वाटलं असणार, हाच अभ्यासक्रम. मला अस्सा राग आला, सर. तुमच्यावर. स्वतःवर. त्या इस्त्रीवर. दहा मिनिटं मी झटत होते आणि तुम्ही सहज उघडलेले ते सगळे पंखे, रेडिओ, कुलुपं माझ्या डोळ्यांपुढून जात होती. मग मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

म्हटलं, "हे मला येत नाही. मला गणित येतं. आता खरं सांगा, तुमच्यापैकी कुणाकुणाचं गणित बिघडलेलं आहे?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सगळ्यांना बारावीला भरपूर गुण. मी म्हटलं, "गुण मला माहीत आहेत. कुठे येऊन अडलं, ते विचारतेय. कुठल्या इयत्तेत?"

मी थांबले. मला थांबायची सवय नाही, तुम्हाला माहितेय. पण थांबले. मग कडेला उभी असलेली एक मुलगी, मुळशीचीच, तुमच्याच बाजूची, ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "सातवी."

"सातवीत काय?"

"वजा गुनिले वजा." मग भराभर बोलली. सातवीला शाळा बंद होती, सगळं मोबाईलवर. मोबाईल एकच, तो वडील कामावर न्यायचे. संध्याकाळी ते आले की ती दिवसभराच्या गृहपाठाचे फोटो बघून उतरवून घ्यायची. त्यात लिहिलेलं होतं, वजा गुणिले वजा अधिक. का, ते फोटोत नव्हतं. "नंतर शाळा भरली तवा सर म्हनले, हे झालंय तुमचं. मी इचारलं न्हाई. पाट केलं. उत्तर बरुबर येतं, मॅडम. पर दरवेळी चिन्ह आलं की दोन-दोनदा ताळा करून बघती. वाटतं, सगळ्यांना ठाव हाय, मलाच न्हाई."

मी फळ्याकडे वळले, कारण मला चेहरा दाखवायचा नव्हता. तीन गुणिले वजा दोन किती? वजा सहा, ती म्हणाली. दोन गुणिले वजा दोन? वजा चार. एक गुणिले वजा दोन? वजा दोन. शून्य गुणिले? शून्य. मी एकाखाली एक लिहीत गेले. "आता हे उत्तर बघ. वजा सहा, वजा चार, वजा दोन, शून्य. दरवेळी काय होतंय?"

"दोनानं चढतंय."

"आता डावीकडे शून्याच्या खाली काय येणार?"

"वजा एक."

"मग उजवीकडे?"

ती फळ्याकडे बघत राहिली. मी सांगितलं नाही. बाकीची मुलं बोलायला लागली होती, त्यांना मी हातानेच गप्प केलं. तिने आपल्याआपण खडू घेतला, शून्याच्या खाली दोन लिहिलं, आणि अधिकचं चिन्ह द्यायची गरज नसताना दिलं. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, हसेल. ती चांगलीच रागावली होती.

"एवडंच हुतं?" ती म्हणाली. "एवड्यासाटी मी एवडी वर्सं भ्याले?"

मी म्हटलं, "एवढंच होतं."

त्यानंतर दुपारपर्यंत मला जेवायची उसंत मिळाली नाही. एकाचं लॉगॅरिदमपाशी अडलं होतं, एकाला भागाकारात अपूर्णांक उलटा का करतात ते हवं होतं, लातूरच्या एका मुलाला डेरिव्हेटिव्ह सटासट काढता येत होतं आणि ते असतं काय ते ठाऊक नव्हतं. सगळं फळ्यावर उघडून पसरलं. बारा वर्षांचं शिक्षण घेतलेली मुलं, आणि पहिल्यांदाच कुणी त्यांना विचारलं होतं की कुठे अडलं. विभागप्रमुख दारात येऊन उभे राहिले, बराच वेळ ऐकलं आणि निघून गेले. संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, पुढच्या फेरीची मुलं गुरुवारी येतायत, तुम्हाला कार्यशाळाच हवी की मोठा फळा असलेली खोली? मी म्हटलं, दोन्ही. इस्त्री उघडायला कोणीतरी माणूस शोधा, आणि फळा मला द्या. सकाळचा वेळ द्या, जेवणाआधीचा.

तर उशिरा येणाऱ्यांना पहिला दिवस मिळाला, सर. गुरुवारी पुन्हा मिळेल. त्यानंतर कोणी येईल त्यालाही.

पण आता एक सांगा. हा दिवस तुमचा झाला की माझा? पहिलाच दिवस होता, उशिरा आलेल्यांसाठीच होता, म्हणजे तुमचा, असं तुम्ही म्हणणार. मी म्हणते, गणित होतं, फळा होता, आणि एकही स्क्रू निघाला नाही. तेव्हा तो पूर्णपणे माझा. आणि कदाचित तुमच्याकडचं ते सोमवारचं उत्तर हेच होतं, किंवा अगदीच भलतं होतं. ते मला आता कधीच कळणार नाही. स्टाफरूममध्ये मी हे मोठ्याने म्हणून पाहिलं. सगळे म्हणाले, बरोबर आहे मॅडम, तुमचाच दिवस.

सगळे व्हय व्हय म्हणाले, सर. नाही म्हणायला तुम्ही हवे होतात.